शस्त्रांच्या शेजारी ग्रंथ हवेत

सिद्धेश्वर धरणावर शाळांच्या सहली येतात. औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घडते, पूर्णेचे अडविलेले पाणी पाहून मुले परततात. जवळचे हिंगोली हे एकेकाळी हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे ठाणे होते, हे मात्र सहसा त्यांच्या कानी पडत नाही.

या फौजेचा खर्च निजामाचा आणि हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची. 1903 मध्ये ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. तिच्या पायदळातून 1922 मध्ये हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली आणि 1945 मध्ये तिचेच नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. 1947 च्या नोव्हेंबरात बडगाम येथे धारातीर्थी पडलेले पहिले परमवीरचक्रविजेते मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. मराठवाड्याच्या मातीत रुजलेल्या या परंपरेचे संग्रहालय पाहावयाचे तर दूर रानीखेतला जावे लागते.

तेव्हा हिंगोली परिसरातही लष्करी संग्रहालय असावे, ही अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी नवी इमारतच हवी असे नाही. लंडनचे इम्पीरियल वॉर म्युझियम 1936 पासून एका जुन्या मनोरुग्णालयाच्या वास्तूत आहे. मग गावातील जुन्या वाचनालयाची इमारत का नको, असे कोणी विचारील. जरूर घ्यावी, परंतु ग्रंथांना बाहेर काढून नव्हे.

वाचनालय म्हणजे ओस पडलेली वखार नव्हे. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले आणि ‘गश्ती निशान 53’मुळे सभेलाही पूर्वपरवानगी लागे. अशा काळात मराठी वाचन व लोकविचार यांची ज्योत वाचनालयांनी तेवत ठेवली. 17 सप्टेंबर 1948 च्या मुक्तीमागे हेही बळ होते. तलवारीला जागा देण्यासाठी त्याच कपाटांना वाट दाखविणे हा कृतघ्नपणा ठरेल.

शिवाय शस्त्र मुके असते. 1819 च्या जानेवारीत याच फौजेने नोव्ह्याच्या गढीस वेढा घालून नौसाजी नाईकांच्या लोकांचा पाडाव केला आणि त्या विजयाचा मान पलटणींना मिळाला. गढी राखणारे याच भूमीचे होते. मग गौरव कोणाचा करावयाचा? काचेआडची बंदूक या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते मोडी व उर्दू कागदपत्रांत आणि ग्रंथांत शोधावे लागते. विद्यार्थ्याला दोन्ही बाजू कळल्या पाहिजेत.

म्हणून एका दालनात शस्त्रे, पदके व सैनिकांची पत्रे असावीत आणि शेजारच्या दालनात वाचनकक्ष चालू राहावा. देखभालीच्या कायम खर्चाची तरतूद उद्‌घाटनाआधी व्हावी. ‘विक्रांत’ युद्धनौकेचे मुंबईतील संग्रहालय 2012 मध्ये बंद पडले आणि 2014 मध्ये ती नौकाच मोडीत निघाली. कोनशिला बसविणे सोपे असते. दाराचे कुलूप रोज उघडणे अवघड. हिंगोलीच्या सैनिकांचे खरे स्मारक त्या रोज उघडणाऱ्या दारातच आहे.