‘पिऊन पडलाय’ हे निदान नव्हे

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून मद्यपी म्हणजे घर उद्ध्वस्त करणारा, ही प्रतिमा आम्ही वर्गावर्गांतून शिकवीत आलो. तीत तथ्य आहे. परंतु ती घराच्या उंबरठ्याशीच थांबते. रुग्णालयाच्या अपघात विभागात आणलेल्या मद्यपीची शुद्ध दारूने हरपली, डोक्याच्या माराने की रक्तातील साखर घसरल्याने, हे वासावरून कळत नाही. ते शोधण्यात डॉक्टर, परिचारिका आणि खाट गुंतून पडतात; दुसरा अत्यवस्थ रुग्ण ताटकळतो.

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलची गंभीर लक्षणे काही तासांनी उमटतात आणि प्रारंभी नेहमीच्या नशेसारखीच भासतात. उपचारांचा मोलाचा वेळ या साम्यामुळेच निसटू शकतो.

म्हणूनच ‘पिऊन पडलाय’ हे वाक्य आम्हांस घातक वाटते. ते वर्णन आहे. उच्चारले मात्र निदान म्हणून जाते. व्यसनाचा नैतिक निवाडा अवश्य व्हावा, पण १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यानंतर. सुधाकराला दोष देणारा आमचा विद्यार्थी रस्त्यावरच्या सुधाकराला कुशीवर वळवून त्याचा श्वास पाहणाराही असावा.