पुस्तक एकदाच टाईप करा!

परवा हिंगोलीला घरी गेलो होतो. काकांनी नरसी नामदेववरच्या त्यांच्या पुस्तिकेची सीडी हातात ठेवली. "याचं ई-पुस्तक करून दे की!" फाईल पेजमेकरची, फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. लॅपटॉपवर उघडली तर नुसती अक्षरांची खिचडी!

माझं मत सरळ आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा, शीर्षक-परिच्छेदांना एचटीएमएलच्या खुणा द्या आणि दिसणं सीएसएसवर सोपवा. ईपब म्हणजे तरी काय? झिप केलेली एक्सएचटीएमएल पानंच! छापील पानंही त्याच फाईलमधून निघतात. सीएसएसचे जनक हाकोन ली आणि बर्ट बोस यांनी आपल्या सीएसएसवरच्या पुस्तकाची २००५ची आवृत्ती अशीच छापली.

फॉन्ट जातील, सॉफ्टवेअरं जातील, मजकूर राहिला पाहिजे. असो. सध्या पुस्तिका पुन्हा टाईप करतोय. शेवटचीच!