गाडी माझी, दिवा कोणाचा?

चाळीस रुपयांच्या बल्बवरून दिवाळी अंकाची पाने अडवावीत हे काही वाचकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. दिवाळीत लिहावे ते पणतीविषयी. मोटारीच्या मागच्या कोपऱ्यात मिचमिचणाऱ्या नारिंगी दिव्याविषयी कोण लिहितो? पण त्या दिव्यावाचून माझ्या हातून एका कुटुंबाचा घात व्हायचा थोडक्यात टळला, आणि तो दिवा मला चार दिवस बदलता आला नाही याचे कारण यंत्रात नव्हते. ते जिथे होते तिथेच माझे भांडण आहे.

मी दहिवडीच्या बाजूचा. तीस वर्षे हायस्कुलात शास्त्र शिकवले. विजेचे परिपथ फळ्यावर इतके काढले की डोळे मिटून काढीन. निवृत्तीनंतर एक लहानशी मोटार घेतली. आमची वस्ती हमरस्त्यापासून आत आहे. माणदेशात निम्मी घरे अशीच माळावर, आपापल्या विहिरीच्या आसऱ्याने विखुरलेली. सातारा–पंढरपूर रस्त्याने वेगाने येणाऱ्या माणसाला आमचा कच्चा फाटा रात्री दिसत नाही. तिथे ना खांब, ना पाटी. मी उजवीकडे वळणार आहे हे मागच्याला सांगणारे जगात एकच साधन असते, ते म्हणजे माझ्या गाडीचा मागचा उजवा इंडिकेटर.

एके दिवशी उजवीकडचा बाण घाईघाईने टिकटिकू लागला. एरवी हा दिवा मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा मिचकावतो. एखादा बल्ब गेला की परिपथातला प्रवाह घटतो आणि फ्लॅशर जवळजवळ दुप्पट वेगाने ओरडू लागतो. मालकाला कळावे म्हणूनच ती सोय आहे. मला कळलेही. मी काय केले? जिल्ह्याच्या गावी असलेल्या अधिकृत कार्यशाळेला फोन केला! तिकडून गोड आवाजात उत्तर आले की गाडी तपासावी लागेल, बहुधा संपूर्ण दिवाच बदलावा लागेल, शनिवारी घेऊन या. साठपासष्ट किलोमीटर जायचे, तितकेच यायचे. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडले, तर त्यातही एकच वाक्य: अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा. मी मुकाट्याने पुस्तक मिटले आणि शनिवारची वाट पाहू लागलो. मधले तीन दिवस गाडी चालवीतच होतो.

तिसऱ्या रात्री फाट्याशी वेग कमी केला, उजवा बाण दिला, म्हणजे दिला अशी स्वतःची समजूत करून घेतली, आणि वळलो. त्याच क्षणी उजव्या बाजूने पुढे जाऊ पाहणारी एक मोटारसायकल माझ्या दाराला घासून रस्त्याखाली उतरली. मागे बाई, मध्ये पोर. पडले नाहीत, हे त्यांचे नशीब. तो गडी तणतणत आला, “बत्ती कुठं हाय रं तुझी? वळतोस कसा?” आणि काचेशी वाकून थबकला. “सर? तुम्ही हाय व्हय?” माझाच विद्यार्थी. पुढे तो काही बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडाजवळच्या एका लहान गॅरेजात गेलो. हाही माझा विद्यार्थी. विज्ञानात दोनदा नापास झालेला. म्हणाला, “सर, ह्यात काय हाय? दोन स्क्रू. तुम्हीच खोला, म्या सांगतो.” किल्ली काढली, डिकी उघडली. कडेचे दोन स्क्रू सोडवताच दिवा अलगद हातात आला. मागचा होल्डर डावीकडे फिरवला, निघाला. बल्ब किंचित दाबून फिरवला, निघाला. तार तुटून काच काळवंडली होती. होल्डरच्या पितळेवर हिरवट कीट चढला होता, तो पॉलिश पेपरने हलकेच घासला. नवा बल्ब बारा व्होल्ट, एकवीस वॅटचा. रुमालात धरून दाबला, फिरवला आणि परत बसवण्यापूर्वी मिचकावून पाहिला. सारे मिळून दहा मिनिटे. त्यातली चार माझ्या थरथरत्या हातांची.

आता जाब कोणाला विचारायचा? कारखानदाराला विचारायचा आहेच. पण आधी मला आणि माझ्यासारख्यांना. माणसाने चार बुके शिकली की हाताला काळे लागू द्यायचे नाही, हा आपल्या पांढरपेशा समाजाचा जुना रोग आहे. आपण त्याला ‘ज्याचे काम त्याने करावे’ असे गोंडस नाव दिले आहे. विहिरीवरचे डिझेल इंजिन भर उन्हात खोलून, नोझल साफ करून पुन्हा चालू करणारा शेतकरी याच मातीत मी लहानपणापासून पाहिला. आटपाडी ज्या औंध संस्थानात होती, त्याच संस्थानाने १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली. हे लक्ष्मणरावही मुळात मास्तरच होते, आणि बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली. त्या मास्तराचे हात काळे झाले म्हणून आमच्या विहिरींवर इंजिने आली. मी मात्र तीस वर्षे परिपथ शिकवला आणि दोन स्क्रूंना भ्यालो.

आमच्या या भित्रेपणावर कारखानदार जगतो. तो म्हणतो, गिऱ्हाईक चुकेल, भलताच बल्ब बसवील. हा युक्तिवाद ऐकला की मला हसू येते. कारण ज्या कोणी पूर्वी हा बल्ब योजला त्याने या चुकीचा विचार आधीच केलेला आहे. पारदर्शक काचेच्या दिव्यात जो नारिंगी बल्ब लागतो त्याच्या दोन खुंट्या साध्या बल्बासारख्या समोरासमोर नसून मुद्दाम तिरक्या ठेवल्या आहेत, म्हणजे तिथे पांढरा बल्ब बसूच नये. अडाणी माणसाचाही हात धरणारी ही योजना. ती करणारा गिऱ्हाइकाला शहाणे करीत होता. ‘संपर्क साधावा’ असे छापणारा त्याला पांगळे करतो आहे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आजच्या गाडीतल्या तारा हा पोरखेळ नाही. हौसेखातर जादा दिवे लावायला वाटेल तिथे तार कापून चिकटपट्टी गुंडाळणाऱ्यांनी गाड्या पेटवल्या आहेत. त्यांची वकिली मी करीत नाही. पण बल्ब बदलणे म्हणजे तार कापणे नव्हे. कंदिलाची वात बदलायला आजीने कधी तज्ज्ञ बोलावला नव्हता.

युरोपातल्या गाड्यांच्या दिव्यांना संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा नियम लागू आहे. त्यात म्हटले आहे की दिव्याचा प्रकाशस्रोत तज्ज्ञाच्या मदतीवाचून, आणि गाडीबरोबर दिलेल्या हत्यारांखेरीज खास हत्यारावाचून बदलता आला पाहिजे, आणि तो कसा बदलायचा याची माहिती गाडीबरोबर दिली पाहिजे. किती रास्त! पण लगेच पुढे अपवाद येतो: ज्या दिव्याचा स्रोत बदलण्याजोगाच नाही, त्याला हे लागू नाही. म्हणजे दार बंद ठेवू नका, असा हुकूम. आणि दारच ठेवले नाही तर हरकत नाही! एलईडीचे बंद दिवे याच फटीतून शिरले. ते जास्त टिकतात, वीज कमी खातात, हे खरे आहे. पण गेले की सगळाच दिवा जातो आणि बिल हजारांत येते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून मोटारदुरुस्तीचा हक्क मिळवला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. शेतीची यंत्रे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांबरोबर मोटारीही त्यात घेतल्या. चांगले झाले. पण संकेतस्थळाने माझ्या पुस्तकातले ते एक वाक्य बदललेले नाही. कोणत्या दिव्याला कोणता बल्ब, तो कुठून काढायचा, हे मराठीत चित्रांसह छापायला किती पाने लागतात? दोन. जाहिरातींना किती लागतात ते आपण रोज पाहतोच.

आटपाडीकडचा माझा भाचा गलाईच्या धंद्यात आहे. दुष्काळाने त्या भागातल्या माणसांना सोने-चांदी गाळायला साऱ्या हिंदुस्थानभर धाडले. हा कोइमतूरला असतो. मुशीतल्या राखेतून सोन्याचा कण वेचणारे त्याचे हात. दिवाळीला तो नवी गाडी घेऊन आला, आणि तिच्या मागच्या उजव्या दिव्याची नारिंगी पट्टी बंद. मी मोठ्या ऐटीत स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. दोन स्क्रू काढले, दिवा बाहेर आला, आणि आत उघडण्याजोगे काहीच नव्हते. सगळे एकसंध चिकटवलेले. त्याने तो दिवा उलटसुलट फिरवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिले.

नवा दिवा यायला आठ दिवस लागतील, असे कार्यशाळेने कळवले आहे. तोवर अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढायची नाही, असे माझ्या बहिणीने त्याला बजावले आहे.