मुक्या जिवांचा वैद्य

यॉर्कशायर परगण्यांत थर्स्क नांवाचें एक बाजारगांव आहे. ग्लासगोच्या पशुवैद्यक विद्यालयांतून १९३९ सालीं बाहेर पडलेला आल्फ वाइट १९४० मध्यें तेथें नोकरीस लागला, व १९७० पासून ‘जेम्स हेरियट’ या टोपणनांवानें त्यानें तेथील आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांवरून २०२० सालीं सुरू झालेली नवी नाट्यमालिका आमच्या घरीं लहानथोर मंडळींनीं एकत्र बसून पाहिली.

हेलन ही शेतकऱ्याची लेक. तिच्यावर मन असलेला ह्यू हल्टन घोडे बाळगणारा जमीनदार. आणि जेम्स पगारी नोकर. एवढ्यावरून कथानक ओळखीचें वाटेल. परंतु हल्टनच्या आवडत्या शर्यतीच्या घोड्यास पोटशूळ होतो, आणि तेथें प्रेमकथेस निराळेंच वजन येतें. घोड्याला वांती होत नाहीं. आंतड्यास पीळ पडला म्हणजे रक्त तुटतें आणि जनावर तासन्‌तास तळमळतें. आज शस्त्रक्रियेनें असे कांहीं घोडे वांचतात, पण त्या काळच्या खेड्यांतील तबेल्यांत तो मार्ग नव्हता. जेम्स घोड्यास गोळी घालतो. निदान चुकलें असतें, तर नोकरी गेली असती. आणि घोडा कोणाचा, तर हेलनशीं लग्न करूं पाहणाऱ्याचा! मत्सरानें हात उचलला, असें म्हणावयास गांव मोकळें होतें. पुढें पोट फाडून पाहतां पीळ खरोखरच आढळतो.

मूळ पुस्तकांत हा घोडा एका उमरावाचा असून हेलनचा त्याच्याशीं संबंध नाहीं. नाटककारानें दोन धागे एकत्र विणले, तें आम्हांस पसंत पडलें. कारण प्रेमिकाची परीक्षा त्याच्या बोलण्यांत न होतां त्याच्या कामांत झाली. मात्र हेलन पुढें ऐन वेळीं ह्यूशीं ठरलेलें लग्न मोडते, तेव्हां त्या बिचाऱ्याच्या दुःखास आणखी थोडी जागा मिळावयास हवी होती. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांचें तर मत सर्वस्वीं ह्यूच्याच बाजूचें पडलें!

खऱ्या हेलनचें नांव जोन डॅनबरी. ५ नोव्हेंबर १९४१ रोजीं तिचा व वाइटचा विवाह झाला, आणि लग्नानंतरचे पहिले दिवस दोघांनीं डोंगराळ भागांतील गोठे हिंडत गाईंची क्षयाची तपासणी करण्यांत घालविले. मानेच्या कातडींत औषध टोंचावयाचें, आणि तीन दिवसांनीं पुन्हां येऊन सूज मोजावयाची. वर गाईच्या मानेशीं वांकून जाडी मोजीत असे, आणि नवी वधू शेजारीं उभी राहून आंकडे टिपून घेत असे.