नाकारणाऱ्या श्रोत्याची बाजू

१

बॉब डिलन आणि त्याच्या साथीचा ‘द हॉक्स’ हा वाद्यवृंद (पुढे ‘द बँड’ या नावाने प्रसिद्धीस आलेला) यांनी १९६६ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑस्ट्रेलिया आणि युरोपचा दौरा केला. या दौऱ्यातील १७ मे रोजीच्या, इंग्लंडमधील मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण कोलंबिया कंपनीने १९९८ मध्ये दोन तबकड्यांच्या संचाच्या रूपाने अधिकृतपणे प्रकाशित केले. पहिल्या तबकडीवर डिलन एकटा गातो. हाती साधी गिटार आणि तोंडाशी हार्मोनिका. दुसरीवर इलेक्ट्रिक गिटारी, ऑर्गन, पियानो आणि ड्रम यांचा पाचजणांचा ताफा त्याच्या पाठीशी आहे. या दुसऱ्या तबकडीच्या शेवटाकडे, अखेरच्या गाण्याच्या आधीच्या शांततेत, श्रोत्यांतून एक आवाज येतो : ‘ज्यूडास!’ गायक त्याच्यावर अविश्वास दाखवतो, त्याला खोटारडा म्हणतो. मग साथीदारांना, शिवी हासडून, मोठ्याने वाजवण्याचे फर्मान सुटते आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सुरू होते.

या दीडदोन मिनिटांवर जेवढे लिहिले गेले आहे, तेवढे रॉक संगीताच्या इतिहासातील फार थोड्या प्रसंगांवर लिहिले गेले असेल. या लेखनाचा सूर जवळजवळ एकच आहे. एक प्रतिभावंत काळाच्या पुढे गेला. त्याचे श्रोते मागे राहिले. त्यांनी हुल्लड केली. प्रतिभावंताने तिच्यावर मात केली. आणि इतिहासाने प्रतिभावंताच्या बाजूने कौल दिला. २०१६ मध्ये डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर तर या कथेला धर्मकथेचे रूप आले. संग्रहातून बाहेर काढलेली ध्वनिमुद्रिका हा या कथेचा पुरावा मानला जातो.

हा पुरावा नीट ऐकला तर तो नेमक्या उलट बाजूची साक्ष देतो. डिलनचे गाणे त्या रात्री थोर नव्हते, असे येथे म्हणावयाचे नाही. ते थोरच होते. वाद आहे तो, त्या थोरवीसाठी श्रोत्याला मूर्ख ठरवणे आवश्यक आहे काय, याविषयी.

२

प्रथम संहितेचा प्रश्न. या कार्यक्रमाचा केवळ उत्तरार्ध, म्हणजे वाद्यवृंदासह गायलेली आठ गाणी, १९७० च्या सुमारास चोरट्या तबकड्यांवरून पसरू लागला. या तबकड्यांवर स्थळ म्हणून लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलचे नाव होते. ते चूक होते. लंडनचे कार्यक्रम २६ आणि २७ मे रोजी झाले. परंतु चूक इतकी रूढ झाली की १९९८ च्या अधिकृत आवृत्तीनेही ती मुखपृष्ठावर कायम ठेवली. फक्त ‘रॉयल आल्बर्ट हॉल’ या शब्दांना अवतरणचिन्हे दिली. पुढे २०१६ मध्ये २६ मेचा खराखुरा लंडनचा कार्यक्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या नावात ‘खरा’ हे विशेषण घालावे लागले. प्रक्षिप्त पाठ मूळ म्हणून स्थिरावला की मूळ पाठालाच आपले मूळपण सिद्ध करावे लागते, हा अनुभव पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना नवा नाही.

स्थळाची चूक निदान अवतरणचिन्हांत तरी बंद झाली. दुसरी चूक अधिक गंभीर आहे आणि तिला कोणतीही चिन्हे लागलेली नाहीत. सुमारे अठ्ठावीस वर्षे जगाने या कार्यक्रमाचा अर्धाच भाग ऐकला, आणि तोही नेमका संघर्षाचा. श्रोत्यांविषयीचे मत या अर्ध्या संहितेवर तयार झाले. १९९८ मध्ये पूर्वार्ध उपलब्ध झाल्यावर ते मत तपासून घेणे हे अभ्यासकाचे प्राथमिक कर्तव्य होते. ते सहसा झाले नाही.

पूर्वार्धात काय ऐकू येते? सात गाणी, आणि त्यांच्याभोवती गाढ शांतता. या सातांत ‘व्हिजन्स ऑफ जोहाना’ आहे, ‘डेझोलेशन रो’ आहे. ही काही निषेधाची सोपी गीते नव्हेत. प्रतिमांची तुटक साखळी, सामाजिक आशयाला दिलेला चकवा, अर्थाचे सतत लांबणीवर पडणे ही आधुनिकतावादी काव्याची सगळी लक्षणे त्यांत आहेत. ही दीर्घ आणि दुर्बोध रचना त्याच सभागृहातील त्याच श्रोत्यांनी श्वास रोखून ऐकली आणि टाळ्या दिल्या. तेव्हा ‘त्यांना नवी कविता पेलली नाही’ हे विधान टिकत नाही. त्यांनी कविता स्वीकारली होती. नाकारले ते दुसरेच काही.

३

काय नाकारले, हे समजण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट ध्वनीची. ही ध्वनिमुद्रिका तीन ट्रॅकच्या यंत्रावर, व्यावसायिक मायक्रोफोन लावून मुद्रित झालेली आहे. तिच्यात गायकाचा प्रत्येक शब्द कळतो, ऑर्गनच्या तानाही वेगळ्या ऐकू येतात. सभागृहात बसलेल्यांच्या वाट्याला हे आले नव्हते. एवढ्या जोराचे वादन पेलण्याची क्षमता १९६६ मधील ध्वनिक्षेपण-यंत्रणेत नव्हती. आवाज फाटत होता, शब्द त्यात बुडत होते, अशी तक्रार त्या वेळी उपस्थित असलेल्यांनी वारंवार केली आहे. स्वतः त्या सभागृहात श्रोता असलेल्या सी. पी. ली यांनी १९९८ मध्ये या कार्यक्रमावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याचा विचार करणाऱ्याला ही बाजू टाळता येणार नाही. ज्या श्रोत्याने शब्दांसाठी तिकीट काढले होते, त्याच्यापर्यंत शब्दच पोहोचत नव्हते. आज आपण जे ऐकतो ते त्याने ऐकलेच नाही. त्याच्यासमोर झालेला प्रयोग आणि आपल्यासमोर असलेली संहिता या दोन भिन्न वस्तू आहेत. दुसरीच्या आधारे पहिलीच्या प्रेक्षकाला बहिरा ठरवणे हा न्याय नव्हे. नाट्यसमीक्षेत संहिता आणि प्रयोग यांचा भेद आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवतो. ध्वनिमुद्रिका समोर आली की तो विसरतो, कारण ती प्रयोगाचा आभास निर्माण करणारी संहिता असते.

दुसरी गोष्ट विचाराची. ब्रिटनमधील लोकगीतांचे पुनरुज्जीवन ही केवळ अभिरुचीची चळवळ नव्हती. इवान मॅकॉल, ए. एल. लॉइड अशा तिच्या अग्रणींचा साम्यवादाशी जवळचा संबंध होता. गाणे ही समूहाची मालमत्ता आहे, बाजाराची नव्हे, अशी तिची धारणा होती. इलेक्ट्रिक गिटार हे या श्रोत्यांना वाद्य म्हणून नव्हे, तर तक्त्यांवर चढणाऱ्या विक्रीच्या संगीताचे चिन्ह म्हणून खुपत होते. शिवाय फ्री ट्रेड हॉल ज्या सेंट पीटर्स फील्डवर उभा राहिला, तेथेच १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकाराची मागणी करणाऱ्या जमावावर घोडदळ घालण्यात आले होते. त्या भूमीवर बसून कोणी संगीताकडे राजकीय प्रश्न म्हणून पाहिले, तर त्याला संकुचित म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

या धारणेत कर्मठपणा होता, हे मान्यच करावे लागेल. अस्सलपणाची जी कल्पना ती बाळगून होती, ती स्वतःही एक रचनाच होती. खाणकामगाराचे गाणे क्लबातील विद्यार्थ्याने गायले की ते आपोआप अस्सल राहत नाही. मॅकॉल यांनी १९६५ मध्ये ‘सिंग आउट!’ मासिकातून डिलनवर जी टीका केली, ती आज वाचवत नाही. परंतु कर्मठ असणे वेगळे आणि निर्बुद्ध असणे वेगळे. कर्मठ वाचकाजवळ एक भूमिका असते. तिचा प्रतिवाद करता येतो. निर्बुद्धाचा प्रतिवाद करण्याची गरजच नसते. प्रचलित कथेने पहिल्याला दुसऱ्यात ढकलले, कारण ते सोयीचे होते.

‘ज्यूडास’ या एका शब्दाकडेही पाहावे. यहूदा हा शत्रू नव्हता. तो बारा शिष्यांपैकी एक होता, आणि त्याने गुरूला चांदीच्या तीस नाण्यांना विकले. हा शब्द वापरणाऱ्याने ‘तू वाईट गातोस’ असे म्हटलेले नाही. ‘तू आमच्यातला होतास आणि तू विकलास’ असे म्हटले आहे. ज्याने त्या गायकाची गाणी कधी जिवापाड मानली नसतील, त्याला हा शब्द सुचणार नाही. ही अत्यंत आत्मीय अशा वाचकाची समीक्षा आहे. एका शब्दाची, परंतु समीक्षा. ती वर्मी लागली होती, याचा दाखला खुद्द डिलनने दिला आहे : २०१२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनंतरही, तो त्या शब्दाविषयी संतापाने बोलला.

४

यावर एक आक्षेप संभवतो. ध्वनिमुद्रिकेने तो उद्गार पुसून टाकला नाही, उलट जपला. मग तिने श्रोत्यावर अन्याय केला असे कसे म्हणता येईल?

प्रश्न जपण्याचा नाही, तो कोणत्या भूमिकेत जपला हा आहे. या संग्रहात विरोधी श्रोता हा नाट्यातील खलपात्र आहे. त्याने ओरडावे आणि लगेच गाण्याने त्याला चिरडावे, यात आजच्या ऐकणाऱ्याचा आनंद आहे. त्या आनंदात आपण स्वतःला सहृदय ठरवून घेतो, आणि तेही काहीही पणाला न लावता. कारण कौल आधीच लागलेला असतो. आपल्या काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही संकल्पना थोर आहे, पण तिची एक मर्यादा अशा ठिकाणी उघडी पडते : नाकारणाऱ्या रसिकाला तिच्यात जागा नाही. राजशेखराच्या भावकभेदांत त्याला फार तर ‘अरोचकी’ किंवा ‘मत्सरी’ म्हणून उभे करता येईल. भरत मात्र अधिक व्यवहारी होता. नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात त्याने प्रेक्षकांच्या दादेबरोबरच प्रयोगात येणाऱ्या ‘घातां’चाही हिशेब मांडला आहे, आणि विरोधकांनी केलेला गोंगाट त्यात येतो. तो अर्थातच त्याला विघ्नच मानतो. परंतु प्रयोगाचे मोजमाप करताना तो वगळायचा नसतो, एवढे त्याला ठाऊक होते.

हॉन्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये, म्हणजे या कार्यक्रमानंतर वर्षभरानेच, वाङ्मयेतिहास वाचकाच्या अपेक्षा-क्षितिजाच्या आधारे लिहावा असे सुचवले. त्यांच्या मांडणीत साहित्यकृती आणि क्षितिज यांतील अंतर हे कृतीच्या कलात्मकतेचे माप ठरते. याचा सोपा विपर्यास असा होतो की जेवढा विरोध मोठा, तेवढी कृती श्रेष्ठ. प्रचलित डिलनकथा या विपर्यासावर उभी आहे. तीत वाचकाचे क्षितिज तपासायचे नसते. ते फक्त ओलांडले गेल्याचे नोंदवायचे असते. वाचककेंद्री म्हणवणारी समीक्षा अशा रीतीने पुन्हा लेखकाच्या पायाशी येऊन बसते.

आता मालकीचा प्रश्न, आणि तो सर्वांत कडू आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणांवरील हक्कांची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षे केली; परंतु मुद्रणानंतर पन्नास वर्षांत प्रकाशितच न झालेल्या मुद्रणांना ही वाढ मिळत नाही. परिणाम असा की डिलनच्या १९६२ मधील अप्रकाशित मुद्रणांचा एक संच २०१२ च्या अखेरीस सुमारे शंभर प्रतींत काढण्यात आला, आणि त्याच्या नावातच ‘स्वामित्वहक्क-मुदतवाढ’ असे शब्द होते. १९६६ च्या दौऱ्यातील उपलब्ध मुद्रणांचा छत्तीस तबकड्यांचा संच नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. मुदत त्या वर्षाअखेर संपणार होती. संग्रह ही स्मृतीची निरागस पेटी नसते, ती कायद्याच्या तारखेनुसारही उघडते. या मालकीच्या साखळीत गायक आहे, वादक आहेत, कंपनी आहे. ज्या एका शब्दामुळे ही ध्वनिमुद्रिका इतर साऱ्या मुद्रिकांपेक्षा वेगळी ठरते, त्याचा उच्चार करणारा त्यात कोठेही नाही. तो नेमका कोण, यावरही एकाहून अधिक दावे झाले. गाणे विकू नका म्हणून तो ओरडला, आणि त्याचे ओरडणेच विकले गेले. या एका गोष्टीत त्याचा आरोप खरा ठरतो, आणि तो खरा करून दाखवला आहे याच ध्वनिमुद्रिकेने.

५

हा प्रश्न मँचेस्टरपुरता नाही. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आणि अश्लीलतेचा आक्षेप घेणारा वाचक आपल्याही वाङ्मयेतिहासात केवळ हसण्यापुरता उरला आहे. त्याचा आक्षेप चूक होता, हे दाखवणे सोपे आहे आणि ते झालेही आहे. त्याने कोणत्या अपेक्षेने कविता हाती घेतली होती, त्या अपेक्षेमागे कोणते समाजजीवन होते, हे विचारणे कठीण आहे, आणि ते अजून पुरेसे झालेले नाही. नव्याचा विजय झाल्यावर जुन्या वाचकाची साक्ष काढणे हे कृतघ्नतेचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ते इतिहासकाराचे काम आहे.

ध्वनिमुद्रिकेवर एक छोटी जागा आहे. दुसऱ्या भागात श्रोते संथ ठेक्यात टाळ्या वाजवून गायकाला अडवू पाहतात. तो त्यांच्यावर ओरडत नाही. माइकसमोर अर्थहीन काहीतरी पुटपुटत राहतो. ते काय आहे हे ऐकण्यासाठी श्रोते हळूहळू गप्प होतात, आणि पूर्ण शांतता पसरल्यावर तो एक अर्थपूर्ण वाक्यशेष उच्चारतो : इतक्या जोरात टाळ्या नसत्या वाजवल्या तर. सभागृहात हशा आणि खऱ्या टाळ्या उठतात. डिलनच्या चातुर्याचे उदाहरण म्हणून ही जागा नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. ज्यांना बहिरे म्हटले गेले, ते लोक अर्थहीन पुटपुटण्यातूनही अर्थ निघेल या आशेने कान देऊन बसले होते.