पाहायचे गाव आणि राहायचे गाव

आपल्याकडची मुले आता आयर्लंडला जाऊ लागली आहेत. कुणी नर्स म्हणून, कुणी संगणकाच्या कामासाठी, कुणी औषध कारखान्यात. वेर्ण्याच्या कारखान्यांत काम केलेल्याला कॉर्क बंदरातले रिंगास्किडी फार परके वाटू नये. १९७० च्या सुमारापासून तिथे औषधांचे कारखाने उभे राहात गेले. नोकरीचे पत्र हातात पडले की पहिला प्रश्न पगाराचा असतो, आणि दुसरा हमखास येतो : राहायला छान गाव कुठले?

या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटवर शोधायला बसले की रंगीत फोटोंचा पाऊस पडतो. निळे दार, पिवळी भिंत, खिडकीत फुलांच्या कुंड्या, मागे समुद्र. फोटो खोटे नसतात. पण फोटो काढणारा संध्याकाळी परत गेलेला असतो, हे आपण विसरतो. पाहायला सुंदर गाव आणि राहायला चांगले गाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळंगुट-हणजुणच्या माणसाला तरी समजावून सांगायला नको.

आयर्लंडमधली एकच काउंटी घेऊन हा प्रश्न सोडवून पाहू. मी कॉर्क घेतो. ती तिथली सर्वांत मोठी काउंटी. क्षेत्रफळ सुमारे ७,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या दुप्पट. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेत शहर धरून ५,८४,१५६. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की १८४१ साली याच काउंटीत साडेआठ लाखांहून अधिक माणसे राहात होती. मग बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ पडला, माणसे मेली आणि उरलेली जहाजात बसली. पावणेदोनशे वर्षांत ती भर अजून भरून निघालेली नाही. तेव्हा 'राहायला छान गाव' हा प्रश्न तिथे नुसता हौसेचा नाही. कोण राहू शकले आणि कोणाला जावे लागले, हा त्या भूमीचा इतिहासच आहे.

आता गावे पाहू.

पहिले नाव सगळे घेतात ते किन्सेलचे. कॉर्क शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, वस्ती सुमारे सहा हजार. अरुंद गल्ल्या, रंगवलेली घरे, शिडाच्या होड्या, आणि १९७० च्या दशकापासून जोपासलेली उत्तम खाण्याची कीर्ती. १६०१ साली इथे झालेल्या लढाईत आयरिश सरदारांचा आणि त्यांच्या मदतीला आलेल्या स्पॅनिश फौजेचा पराभव झाला. जुन्या गेलिक आयर्लंडच्या अंताची सुरुवात इथून मानतात. पुढे इंग्रजांनी बांधलेला चार्ल्स फोर्ट अजून बंदरावर पहारा देत उभा आहे. १९८६ साली देशभरातल्या 'टायडी टाउन्स' स्पर्धेत किन्सेल पहिले आले होते.

दुसरे नाव क्लोनाकिल्टी. वस्ती पाच हजारांच्या वर, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. मायकल कॉलिन्सचा जन्म १८९० साली याच परिसरातला, आणि शाळेसाठी तो याच गावात राहिला. इथले काळे पुडिंग, म्हणजे रक्त घालून केलेले सॉसेज, देशभर खपते. आपल्या शोरीसवर प्रेम करणाऱ्यांना त्याचे नवल वाटू नये. दुकानांच्या पाट्या अजून हाताने रंगवतात, पुष्कळशा आयरिश भाषेत. १९९९ चा टायडी टाउन्स पुरस्कार, २००३ साली आयर्लंडमधले पहिले 'फेअरट्रेड' गाव, आणि २०१७ सालचा 'ॲकॅडमी ऑफ अर्बनिझम' या संस्थेचा 'ग्रेट टाउन' हा युरोपीय पातळीवरचा सन्मान. गुणपत्रिका पाहिली तर हे गाव वर्गात पहिले.

तिसरे स्किबरीन. आणखी पश्चिमेला, शहरापासून ऐंशीएक किलोमीटर, वस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास. दुष्काळाने सर्वांत जास्त पोळलेल्या भागांतले हे एक. गावाबाहेरच्या ॲबीस्ट्रूरी स्मशानभूमीत आठ ते दहा हजार माणसे नावाशिवाय पुरलेली आहेत. त्याच स्किबरीनच्या नौकानयन क्लबने पॉल आणि गॅरी ओ'डोनोव्हन हे भाऊ घडवले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. पुढे पॉलने फिंटन मॅकार्थीबरोबर टोकियोत आणि २०२४ ला पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकले. पर्सी लडगेट हा यांत्रिक संगणकाची कल्पना मांडणारा माणूस १८८३ साली इथे जन्मला. त्याच्या नावाने जुन्या बेकरीच्या इमारतीत एक डिजिटल केंद्र उभारले आहे, वेगवान इंटरनेटचे. उद्देश साधा आहे, तरुण पोरांना गाव सोडावे लागू नये.

आणि चौथे कोव्ह. त्याच्याकडे नंतर येतो.

ही टायडी टाउन्स स्पर्धा काय आहे ते थोडे सांगितले पाहिजे. १९५८ पासून ती चालू आहे. परीक्षक उन्हाळ्यात गावात न सांगता येतात, हिंडतात आणि प्रत्येक सदराखाली गुण देऊन लेखी अहवाल देतात. कुठली भिंत पडकी आहे, कुठल्या ओढ्याकाठी झाडे चांगली लावली आहेत, इतक्या बारकाईने. जन्मभर फाइलींवर शेरे मारणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून हेवाच वाटतो. आणि ही सफाई करतात गावचेच स्वयंसेवक, संध्याकाळी कामावरून आल्यावर. तेव्हा या स्पर्धेला मी नावे ठेवणार नाही. पण तिने स्वच्छ गाव निवडता येते. राहायचे गाव निवडायला आणखी चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : जो त्या गावात काम करतो, तो रात्री त्याच गावात झोपू शकतो का? हॉटेलात ताट मांडणारी मुलगी, शाळेतला मास्तर, वृद्धाश्रमातली परिचारिका यांना तिथे भाड्याने खोली मिळते का? २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडभर १,६६,७५२ घरे रिकामी होती, आणि त्याखेरीज सुट्टीसाठी ठेवलेली बंद घरे ६६,१३५. याच देशात भाड्याच्या घरासाठी माणसे रांगा लावतात. गाव जितके देखणे, तितकी सुट्टीची घरे अधिक आणि भाड्याची घरे कमी. किन्सेल इथे मार खाते. त्याच्या सौंदर्यानेच त्याला महाग केले आहे. आपल्याकडे आसगावात काय झाले ते आपण पाहतोच आहोत. दिल्लीचा माणूस घर घेतो, डिसेंबरात पंधरा दिवस येतो, उरलेले वर्ष बंद खिडक्या आणि एक राखणदार. वाड्यावर दिवा लागत नाही तो वाडा कितीही रंगवलेला असो, त्याला गाव कसे म्हणायचे?

दुसरा प्रश्न : गाडी नसलेल्याचे काय? १९६१ साली पश्चिम कॉर्कची रेल्वे बंद झाली. क्लोनाकिल्टी आणि स्किबरीनला तेव्हापासून आगगाडी नाही. बस आहे, पण बसच्या वेळापत्रकावर आयुष्य बांधावे लागते. नव्याने गेलेल्या मुलाकडे पहिली दोन वर्षे गाडी नसते, आणि म्हाताऱ्या माणसाकडे शेवटची दहा वर्षे. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास काळोख पडतो, वरून पाऊस. अशा वेळी फोटोतला निळा दरवाजा उपयोगी पडत नाही.

तिसरा प्रश्न : गावाचे निर्णय गाव घेते का? इथे आयर्लंडने एक चमत्कारिक गोष्ट केली. २०१४ साली कायदा करून देशातल्या सगळ्या ऐंशी नगर परिषदा बरखास्त केल्या. किन्सेल, क्लोनाकिल्टी, स्किबरीन, कोव्ह, सगळ्यांच्या. आता कारभार मोठ्या काउंटी परिषदेकडे. आपल्याकडे पंचायती बरखास्त करून सगळे पर्वरीला नेले तर काय होईल, विचार करा. क्लोनाकिल्टीने मात्र गप्प न बसता स्वतःच्या हिमतीवर एक महापौर मंडळ चालवले. त्याला अधिकार नाहीत, पण आवाज आहे. म्हणूनच त्या गावाबद्दल मला आदर आहे. २००६-०७ साली प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा उठला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, तो दिवस ज्यांना आठवतो त्यांना अधिकार आणि आवाज यांतला फरकही कळेल आणि नातेही.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड : गाव परक्याला घेते का? २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. ही गोष्ट लपवून 'आयरिश लोक फार प्रेमळ' एवढेच सांगणे म्हणजे मुलांना फसवणे. प्रेमळ आहेतही. पण घरे कमी पडली की सगळ्यात शेवटी आलेल्याकडे बोट जाते, हे जगभर असेच आहे. आपल्याकडे 'घाटी' हा शब्द कसा उच्चारला जातो ते आठवून पाहावे.

आता कोव्ह. माझे मत त्याच्याकडे आहे.

कोव्ह हे कॉर्क बंदरातल्या ग्रेट आयलंडवरचे गाव. वस्ती चौदा हजारांच्या वर. १८४९ साली राणी व्हिक्टोरिया तिथे उतरली म्हणून त्याचे क्वीन्सटाउन केले. स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत लोकांनी ते नाव पुसले आणि कोव्ह परत आणले. गंमत अशी की कोव्ह हा मूळचा इंग्रजी शब्द, खाडी या अर्थाचा. त्यांनी तो आयरिश स्पेलिंगने लिहिला, एवढेच. स्वाभिमान कधी कधी नुसत्या अक्षरांतही राहतो. पंजिम, पणजी, पणजें यांवर वाद घातलेल्या आपल्याला ते कळावे.

१८४८ ते १९५० या काळात सुमारे पंचवीस लाख माणसे या एका धक्क्यावरून देश सोडून गेली. न्यूयॉर्कचे एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ रोजी उघडले, तेव्हा पहिली नोंद झाली ती इथून निघालेल्या ॲनी मूरची. तिचा आणि तिच्या दोन भावांचा पुतळा धक्क्यावर आहे. ११ एप्रिल १९१२ ला टायटॅनिकने शेवटचा थांबा इथेच घेतला. १९१५ साली लुसिटानिया बुडाले तेव्हा त्यातली प्रेते इथे आणली आणि इथल्या दफनभूमीत पुरली. गावावर उभे असलेले सेंट कोलमन कॅथेड्रल १८६८ ला सुरू झाले. त्याचा मनोरा ९१ मीटर उंच आणि त्यात ४९ घंटा. बांधकामाला अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्यांनीही पैसे पाठवले. ज्यांच्या घरात एक तरी तारवटी होऊन गेला, आणि ज्यांच्या गावचे देऊळ किंवा इगर्ज बोटीवरच्या पैशाने दुरुस्त झाली, त्यांना या गावाची ओळख करून द्यावी लागणार नाही.

पण इतिहासासाठी मी कोव्ह निवडत नाही. मी आगगाडीसाठी निवडतो. कॉर्क शहर गाडीने पंचवीस मिनिटांवर. गाडी नसलेली नर्स रात्रपाळी करून पहाटेच्या गाडीने घरी येऊ शकते. पलीकडच्या काठावर जायला फेरीबोट आहे, मोटारी घेऊन पाच मिनिटांत पोचवणारी, अगदी आपल्या दिवाडी-चोडणसारखी. घरे किन्सेलच्या मानाने स्वस्त. पर्यटक येतात ते क्रूझ जहाजाने, आणि रात्री जहाजावरच झोपतात. चहा पितात, फोटो काढतात, जातात. गावाची घरे गावाला राहतात. पर्यटन असावे तर असे.

कोव्हचे दोषही मांडतो. गाव उभ्या चढावर आहे. 'पत्त्यांचा जोड' म्हणून प्रसिद्ध असलेली घरांची ओळ फोटोत छान दिसते, पण स्टेशन खाली समुद्राकाठी आणि वस्ती वर. गुडघे दुखणाऱ्याने जपावे. बेटावर यायला बेल्वेलीचा एकच पूल. १९८४ साली तिथला जहाजबांधणीचा कारखाना बंद पडला, २००१ साली समोरच्या बेटावरचा पोलाद कारखाना गेला आणि मागे विषारी कचरा ठेवून गेला. तो ढीग साफ करून तिथे बाग व्हायला २०२१ उजाडले. म्हणजे हे गुळगुळीत गाव नव्हे. मार खाल्लेले, कामकऱ्यांचे गाव आहे. मला ते त्याच्या बाजूचेच वाटते. ज्या गावाने रोजगार जाताना पाहिला, ते नव्याने कामाला आलेल्याला समजून घेईल अशी आशा तरी धरता येते. खात्री नाही. पण ज्या गावाच्या धक्क्यावर देश सोडणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, तिथे परक्याला 'तू कशाला आलास' असे विचारणाऱ्याला निदान तिच्याकडे बघून विचारावे लागेल.

कुणी म्हणेल, क्लोनाकिल्टी अधिक गुणी. मान्य. गाडी असेल, घरातून काम असेल आणि घर मिळाले तर खुशाल क्लोनाकिल्टीला जावे, माझा आशीर्वाद. किन्सेलला रविवारी जेवायला जावे. पण पहिल्यांदा पाय टेकणाऱ्याने पुरस्कारांच्या पाट्या वाचून गाव ठरवू नये. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी, पाऊस पडत असताना, संध्याकाळी सहा वाजता तिथे हिंडून यावे. किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजावे. चहा आणून देणाऱ्या मुलीला सहज विचारावे, 'घर इथेच का?' ती 'हो, वरच्या गल्लीत' म्हणाली, तर बॅगा उघडायला हरकत नाही.