संगणक वापरणाऱ्याने किती जाणावे?

"आपण कलाशाखेचे, यंत्रातले आपल्याला काय कळणार?" असे आपण मोठ्या दिमाखाने म्हणतो. गेल्या वर्षी मीही म्हणत होतो. मग एके दिवशी हार्ड डिस्क बंद पडली आणि तुकारामांवरील माझा चाळीस पानी प्रकल्प तिच्याबरोबर गेला. दुसरी प्रत ठेवली नव्हती. दोष यंत्राचा की माझा?

सायकल चालवणाऱ्याला सायकल बनवता यावी असे कोणी म्हणत नाही. पण हवा तरी भरता यावी ना! संगणकाचेही तसेच. बिघडलेला भाग बदलणे हे कारागिराचे काम. लिखाणाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवणे, अपडेट वेळेवर घेणे, पंख्याची जाळी धुळीने बुजू न देणे, हे मात्र आपले.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. त्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. पुष्कळ संगणकांवर ते घेतलेलेच नव्हते. 'नंतर पाहू' म्हणण्याची ही किंमत!

मित्रहो, कारागीर यंत्र दुरुस्त करील. हरवलेली चाळीस पाने तो कोठून आणणार?